माट कवा पडला?

सदर व्यक्ती नामे सुवर्णा, जौजे यशवंतराव, वय बेचाळीस, मूळ राहणार मौजे वांकिडी, हल्ली मुक्काम आदिलाबाद. मातृभाषा मराठी, शिक्षण तेलुगू माध्यमातून इंटर (बारावी) पर्यंत. पद : रुग्ण मार्गदर्शन व आंतररुग्णालयीन स्थानांतर सहायक, तात्पुरते, बाह्यस्रोतामार्फत. कार्यक्षेत्र : जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याच्या मुख्य फाटकाच्या आत. कर्तव्ये : रुग्णांच्या नातेवाइकांस योग्य ती माहिती योग्य त्या भाषेत पुरविणे, गंभीर रुग्णांस अन्य रुग्णालयी हलविताना संबंधितांशी समन्वय साधणे, वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ती इतर कामे. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर जुना व्रण. स्वभावाचा रकाना कागदावर नाही.

या पदनामानं दवाखान्यात तिला कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. तेलुगू डॉक्टर 'सुवर्णक्का' म्हणतात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बेल्याकडून आलेली माणसं 'ते मराठीवाली बाई' म्हणतात, आणि चिठ्ठीच्या खिडकीवरचा कारकून 'मॅडम' म्हणतो. पण तो सगळ्यांनाच मॅडम म्हणतो, एकदा पंखे दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीलाही म्हणाला होता.

वांकिडीला तिच्या वडिलांचं, लक्ष्मणरावांचं, किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक ज्या भाषेत गूळ मागेल त्या भाषेत गूळ तोलायचा, असा त्या दुकानाचा शिरस्ता. शेतकरी मराठीत मागत, मास्तर तेलुगूत, पलीकडून येणारे व्यापारी हिंदीत, आणि तहसिलीतला म्हातारा शिपाई निजामाच्या वेळच्या उर्दूत, तेही उधार. गल्ल्याशेजारी बसून सुवर्णा हे सगळं शिकली. शिकली म्हणजे काय, कोणती भाषा कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते हे तिला कळेनासं झालं. आजही ती घरात "तेजू, डब्यात अन्नम भरलं का? मंग जल्दी कर ना" असं एका दमात म्हणते. तेजस्विनी, तिची मुलगी, कॉलेजात जाते आणि त्यामुळे तिला मतं आहेत.

"आई, तुझ्या बोलण्याची खिचडी झाली आहे."

"खिचडीनं आजवर कोनाचं पोट दुखलं नाई," सुवर्णा सांगते.

हे फाल्गुनातल्या एका दिवसापर्यंत खरं होतं.

तो दिवस सांगण्याआधी तिच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की माणसाची एक बाजू लुळी पडते. याला आपल्याकडे लकवा म्हणतात, तेलुगूत पक्षवातम, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. रोग तिन्ही नावांना ओ देतो. वेळेत आलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. ते साडेचार तासांच्या आत. गुठळी मोठ्या वाहिनीत असेल तर इंजेक्शन बहुधा एकटं पुरत नाही. जांघेतून बारीक तार वर मेंदूपर्यंत नेऊन ती ओढून काढावी लागते. हे काम करणारे डॉक्टर आदिलाबादेत नाहीत, नागपुरात आहेत. ते साधारण सहा तासांच्या आत केलेलं बरं. त्यापुढंही करतात, पण मग आणखी तपासण्या, आणखी शंका, आणि दर तासाला पातळ होत जाणारी आशा. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतात : हा माणूस शेवटचा धड कधी होता? घड्याळ तिथून सुरू होतं. आणि हा प्रश्न मराठी घरांना विचारायचं काम सुवर्णाचं.

त्या दिवशी दुपारी बेल्याकडून रुग्णवाहिका आली. आत डोमाजी. साठीचा, काटक, बेल्याजवळच्या एका गावात थोडा कापूस, थोडी ज्वारी आणि पाण्याच्या आधारानं वांगी करणारा. उजवा हात आणि पाय परक्याचे असल्यासारखे पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे आणि जागे, पण शब्द नाही. सोबत बायको जयवंताबाई, हातात नवऱ्याची एक चप्पल. दुसरी कुठं राहिली हे तिला आठवत नव्हतं. गावकऱ्यांनी आधी लकव्याचं तेल देणाऱ्या एका बाबाकडं न्यायचं ठरवलं होतं, पण बाबा सुदैवानं लग्नाला गेलेला होता. म्हणून रुग्णवाहिकेला फोन झाला. वैद्यकशास्त्रावर त्या लग्नाचे उपकार आहेत.

डॉक्टर भाग्यलक्ष्मी ड्यूटीवर होत्या. वयानं लहान, बोलायला भरभर, आणि मराठीचे एकूण तीन शब्द येणाऱ्या : जीभ, हात, उचला. त्यांनी ते तिन्ही वापरले. डोमाजीनं डावा हात उचलला, उजवा नाही. मग त्या सुवर्णाकडं वळून तेलुगूत म्हणाल्या, "माट एप्पुडु पडिपोयिंदी, अडुगु."

तेलुगूत 'माट' म्हणजे बोलणं, वाचा. लकव्यानं वाचा गेली की 'माट पडून गेली' असंच तिकडं म्हणतात. डॉक्टर मॅडमचा प्रश्न साधा होता : याचं बोलणं केव्हा बंद पडलं, विचार.

आता सुवर्णा हे 'माट पडिपोयिंदी' गेली सहा वर्षं रोज ऐकते. इतकं, की तो शब्द तिच्या जिभेवर कधीच मराठी होऊन बसला होता, तिला न विचारता. तिनं उरलेल्या वाक्याचं इमानेइतबारे मराठी केलं आणि जयवंताबाईला विचारलं,

"मावशी, माट कवा पडला?"

आणि बेल्याच्या मराठीत 'माट' म्हणजे पाण्याचा माठ. ठ उच्चारायला तिकडं कोणी श्वास वाया घालवत नाही.

जयवंताबाईनं डोळ्याला पदर लावला. "सकाळीच पडला माय. म्या अंगनात सडा टाकून राह्यली होती. सूर्य निंबाच्या वरबी नव्हता आला. मले तवाच वाटलं, आज काई खरं नाई."

सुवर्णानं तेलुगूत सांगितलं : सकाळी, सातच्या सुमाराला. बाईंना तेव्हाच शंका आली होती.

मॅडमनी कपाळाला आठी घातली. सातला शंका येते आणि माणूस दुपारी एकला दवाखान्यात! "इतका उशीर का केला" हे त्यांनी विचारायला सांगितलं नाही आणि सुवर्णानंही विचारलं नाही. हा प्रश्न विचारून आजवर एकही रुग्ण लवकर आलेला नव्हता. केसपेपरावर सात वाजले आणि डोमाजी स्कॅनच्या खोलीत गेला.

स्कॅननं सांगितलं, रक्तस्राव नाही. शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेल्या दुसऱ्या स्कॅननं सांगितलं, डावीकडची मोठी वाहिनी बंद. मेंदूचा फार भाग अजून मेलेला दिसत नव्हता. मॅडम पडद्याकडं बघत म्हणाल्या, "सहा तासांच्या मानानं चांगलाच टिकलाय." पण घड्याळ ते घड्याळ. इंजेक्शनची वेळ टळून गेलेली. त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून विचारणा झाली, वेळ कोणती? सात. निघणार कधी, पोचणार कधी? हिशेब झाला. इथं येईपर्यंत दहा तास होतील, नागपूर म्हणालं. पुन्हा सगळे स्कॅन करू, मग बघू. पाठवायचं तर पाठवा, पण घरच्यांना आशा देऊ नका.

फोन ठेवून मॅडम थोडा वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसल्या. इंजेक्शन न देता, हालत्या गाडीत तीन तास, आणि त्या टोकाला 'मग बघू'. "सुवर्णक्का," त्या म्हणाल्या, "आपण इथंच ठेवू. जे करता येईल ते करू. तिला सांग."

अशा बातम्या सांगायची सुवर्णाची एक रीत आहे. उभ्यानं सांगायचं नाही. ती जाऊन जयवंताबाईशेजारी फरशीवर बसली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं. जयवंताबाई ते फार लक्षपूर्वक बघत होती.

"मावशी, डोक्यात गुठळी अडकली हाये. नागपूरले काढतेत, पन टाइम लय होऊन गेला. मॅडम म्हनतेत इथंच इलाज करू."

"टाइम होऊन गेला?"

"हाव."

जयवंताबाईनं भिंतीवरच्या चित्रावरून नजर काढली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "होनारच. सकाळी माट फुटला तवाच म्या समजली. नवा माट, शिमग्याच्या बाजारातून आनलेला. ह्यायचाच धक्का लागला अन् पडला. भरला माट दारात फुटते, ते चांगलं नसते वो पोरी." तिनं चप्पल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "अन् म्या म्हनलं, डाक्टरीनबाई तेलुगू असून हुशार दिसते. आल्या आल्या पैले माटाचंच पुसलं. त्यायच्यातबी पाहातेत वाटते शकून."

सुवर्णाच्या चारही भाषा एकदम रजेवर गेल्या.

मग त्यातली एक परत आली. "मावशी," तिनं हळू विचारलं, "कोनता माट?"

"आता वो! पान्याचा माट. आनखीन कोनता असते?"

"अन् बोलनं? भाऊजीचं बोलनं कवा बंद झालं?"

"बोलनं तं आत्ता ना! माट फुटल्यावर तं माह्यावरच वरडले, मधात काऊन ठेवला म्हनून. मंग वावरात गेले, वांगे तोडले, टोपलं घेऊन साडेअकराच्या बसवर गेले. तिथी कंडक्टरशी भांडले. घरी आले, जेवाले बसले, म्हनले, वरनात मीठ नाई. म्या मीठ आनाले अंदर गेली अन् बाहेर येऊन पाह्यतो तं..." पुढचं तिला सांगवेना, आणि सुवर्णानंही ऐकलं नाही, कारण ती उठली होती.

दवाखान्याच्या मार्गिकेत धावू नये अशी पाटी आहे. ती तेलुगूत आणि इंग्रजीत आहे, आणि सुवर्णाला दोन्ही वाचता येतात.

मॅडम दुसऱ्या रुग्णाची नाडी बघत होत्या. सुवर्णा समोर जाऊन उभी राहिली. सहा वर्षांत तिनं मॅडमना पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या : कोणाचा मुलगा सही करायला तयार नाही, कोण विडी ओढायला खाली पळाला. ही गोष्ट कशी सुरू करावी हे मात्र तिला सुचेना. नोकरी तात्पुरती होती आणि तात्पुरत्या नोकरीला संपायला कारण लागत नाही. इथं तर कारण होतं. पण आतल्या खाटेवर तो माणूस डोळे उघडे ठेवून पडला होता.

"मॅडम, मी मडक्याचं विचारलं."

"कोणत्या मडक्याचं?"

सुवर्णानं सांगितलं. मॅडमनी रुग्णाचं मनगट हळूच खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून बऱ्याच गोष्टी जाऊ शकल्या असत्या. प्रत्यक्षात एकच गेली, आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली.

"म्हणजे बारा?"

"बाराच्या आसपास. मीठ मागितलं तेव्हा बोलत होता."

"बायको घाबरलीय. आता तुझ्या तोंडाकडं बघून हवं ते सांगेल," मॅडम म्हणाल्या. "दुसरं कोणी सांगेल का? आणि अक्का, या वेळी तिच्या भाषेत विचार."

बसथांब्यावर अमृतरावांचं दुकान आहे. जयवंताबाईकडून नंबर घेऊन सुवर्णानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"हालो, कोन?"

"दवाखान्यातून बोलून राह्यली भाऊ. डोमाजीभाऊ आज तुमच्या दुकानाम्होरं बोलले काय?"

"बोलले? बाप्पा! अख्ख्या गावानं आयकलं. कंडक्टर म्हने टोपलं टपावर टाक, हे म्हने वांगे उनात शिजतीन, भरीत करून इकू काय? मराठीत, तेलुगूत, लय झालं मंग. कंडक्टर तं हिंदीवाला."

"शब्द साफ होते? जीभ अडकत नव्हती?"

"अवो बाई, दोन शब्द तं इतके साफ होते का म्या घरच्या बायायले अंदर जाले सांगतलं."

"अन् टाइम?"

"बस सुटाचाच टाइम. साडेअकराची गाडी. आज जराशी लेट होती, डायवर माह्याच दुकानात चाय पेऊन राह्यला होता ना. काऊन, कंडक्टरनं केस केली काय?"

"नाई भाऊ. तुमी लय चांगलं काम केलं."

"म्या? म्या तं काईच नाई केलं," अमृतराव सावधपणे म्हणाले. सरकारी दवाखान्यातून कौतुक आलं की माणसानं सावध व्हावं, हे त्यांना अनुभवानं माहीत असावं.

सुवर्णानं सगळं तेलुगूत सांगितलं, आणि या खेपेला प्रत्येक शब्द तेलुगू आहे ना हे मनात तपासून. मॅडमनी 'सात' खोडून बाजूला सही केली. "दोन भाषांत शिव्या देणाऱ्याची वाचा साडेअकराला शाबूत होती, असं मी समजू?"

"तीन भाषांत, मॅडम. कंडक्टर हिंदीवाला आहे."

इंजेक्शन तिथंच सुरू झालं. नागपूरला दुसरा फोन गेला. सात नव्हे, बारा. तिकडच्या आवाजाचा सूरच बदलला. लगेच निघा, ते म्हणाले, आम्ही टेबल तयार ठेवतो. आधी सात कसे झाले हे त्यांनी विचारलं तेव्हा मॅडमनी सुवर्णाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "भाषांतरात पाच तास लागले."

मग फोन ठेवून तिला म्हणाल्या, "मला मराठी कमी येतं हा माझा दोष, तुला तेलुगू जास्त येतं हा तुझा. वाटणी नंतर करू. तू गाडीत बस."

सुवर्णाचं कार्यक्षेत्र फाटकाच्या आत, हे वर आलंच आहे. गाडीनं ते ओलांडायला फारसा वेळ घेतला नाही.

गाडी चालवायला गोपाल होता. या रस्त्यावर कुठल्या ढाब्याचा चहा चांगला आणि कुठल्याचा मालक वाईट हे तो एरवी आदिलाबाद ते नागपूर अखंड सांगत असतो. त्या दिवशी तो मुकाट होता. फक्त पुढच्या ट्रकांशी बोलत होता, आणि तेही भोंग्यानं. मागं डोमाजी, त्याच्या उशाशी सलाईन आणि रक्तदाब सांभाळणारी एक सिस्टर, आणि बाकावर जयवंताबाई आणि सुवर्णा. पैनगंगेचा पूल आला की राज्य बदलतं, पाट्यांची लिपी बदलते आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर कंपनीचा स्वागताचा संदेश येतो. तिघींचे फोन एकापाठोपाठ एक वाजले. डोमाजीचा कुर्त्याच्या खिशात वाजला. जयवंताबाईनं तो काढून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो बराच वेळ बघितला.

"ते तिथी काय करतीन?" तिनं विचारलं.

"जांघेतून तार घालतीन, बारीक, केसासारखी. ते वर डोक्यापावतर नेतीन अन् गुठळी ओढून काढतीन."

जयवंताबाईनं नवऱ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. अंतर मोजून झालं. "डोक्शातली गुठळी मांडीतून काहाडतेत? मंग डोक्शातून काऊन नाई काहाडत? जवळ पडलं असतं."

सिस्टरनं तोंड खिडकीकडं फिरवलं. सुवर्णाला त्या सबंध दिवसात पहिल्यांदा हसू आलं.

"मावशी," ती म्हणाली, "चूक माही होती. म्या बोलन्याचं पुसलं, पन तेलुगूत पुसलं. टाइम म्हनून गेला वाटला."

जयवंताबाईला हे समजायला पांढरकवडा येऊन गेला. मग ती म्हणाली, "म्हंजे माटाचा अन् याचा काई संमंध नाई?"

"नाई."

"अपशकून नोहे?"

"नाई वो. नुसता माट फुटला."

"मंग तं बरंच झालं," जयवंताबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच बाकाला पाठ टेकून बसली. सुवर्णानं माफीचे शब्द तयार करून ठेवले होते. ते कोणी मागितलेच नाहीत.

पुढं हिंगणघाट गेलं. सिस्टर दर थोड्या वेळानं डोमाजीच्या उजव्या तळव्याला बोट लावायची आणि म्हणायची, दाबा. हात तसाच राहायचा. पण बुटीबोरीच्या अलीकडं एकदा सिस्टर बोट लावून थांबली आणि तिनं ते पुन्हा लावलं. जयवंताबाईनं विचारलं, काय झालं? "बघू," सिस्टर म्हणाली.

नागपूरच्या दारात माणसं उभी होती. तिथल्या डॉक्टरांनी गाडीचं दार उघडता उघडता विचारलं, "शेवटचे नीट कधी होते?" सुवर्णानं श्वास घेतला, पण बोलायची वेळच आली नाही. कारण प्रश्न मराठीत होता, आणि जयवंताबाईनं तो आपला म्हणून उचलला. स्ट्रेचरसोबत चालत चालत तिनं सगळं सांगितलं : वांगी, टोपलं, कंडक्टर, वरण, मीठ. डॉक्टरांनी एकही शब्द पुन्हा विचारला नाही. लिफ्टपर्यंत तिचं मीठ येऊन पोचलं होतं. "म्हणजे बाराच्या जरा आधी," डॉक्टर म्हणाले. "हाव," जयवंताबाई म्हणाली. "आता बिगीनं काहाडा."

दार बंद झालं. रुग्ण मार्गदर्शन सहायकाला मार्गदर्शन करण्यासारखं आता कोणी उरलं नव्हतं. तिनं जाऊन चहा आणला. जयवंताबाईनं घेतला नाही, म्हणून दोन्ही कप सुवर्णानंच संपवले.

दार पुन्हा उघडलं तेव्हा बाहेर दिवे लागायला नुकती सुरुवात झाली होती. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. "निघाली. दुसऱ्या खेपेत निघाली. रक्त सुरू झालंय."

"दाखवा," जयवंताबाई म्हणाली.

डॉक्टरांना अशी मागणी नेहमीची नसावी. पण त्यांनी मोबाइलमधला फोटो काढून दाखवला. पांढऱ्या कापडावर काळपट-लाल, वांग्याच्या देठाच्या तुकड्याएवढं काहीतरी.

"इतकुसं?" जयवंताबाई म्हणाली. "अन् एवढा मोठा मानूस पाडला?" तिनं फोन दूर धरून, जवळ धरून बघितलं आणि परत दिला. मग मात्र तिला रडू आलं, आणि सुवर्णानं ते भाषांतराशिवाय समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजीनं उजवा हात खाटेवरून वीतभर उचलला. तिसऱ्या दिवशी त्याचा पहिला स्पष्ट शब्द आला. तो 'पाणी' असा होता. त्यात साहित्य शोधण्यासारखं काही नाही, त्याला तहान लागली होती.

इकडं सुवर्णाला खुलासा मागण्यात आला, की आपण अमुक दिवशी कार्यक्षेत्र सोडून परराज्यात कोणाच्या परवानगीने गेलात. मॅडमनी त्यावर 'माझ्या' इतकंच लिहिलं. वाटणी अशी झाली. नोकरी राहिली. ती अजूनही तात्पुरती आहे.

तिच्या कामात मात्र एक फरक पडला. आता ती 'कवा' असं विचारतच नाही. ती विचारते, "शेवटचं काय बोलले? कोनाशी?" तिचा अनुभव असा की घरच्या माणसांना वेळ आठवत नाही, पण वाक्य आठवतं, आणि एकदा वाक्य सापडलं की त्याला धरून वेळ आपोआप येते. तिच्याकडं त्यामुळं आता जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या पुष्कळ माणसांची वाक्यं जमली आहेत. 'मोटर बंद कर.' 'हे पाव्हने कवा जातीन?' 'सून चाय देत नाई.' बासरहून आलेल्या एका म्हाताऱ्या भिवाजी गुरवांचं वाक्य होतं, 'मले काई झालं नाई.' आपण मोठ्या संकटाच्या एक मिनिट आधी काय बोलत असतो याचा तिनं काही निष्कर्ष काढलेला नाही, पण ती घरी आता वरणात मीठ आधीच बघते. तेजस्विनीचं म्हणणं, आई शुद्ध बोलायला लागली आहे आणि ते ऐकायला फार विचित्र वाटतं. मॅडम मराठी शिकताहेत. त्यांचे शब्द तीनावरून अकरावर गेले आहेत, त्यात 'माठ' आहे, आणि त्या त्यातला ठ गरजेपेक्षा जास्त जोरात म्हणतात.

तीन महिन्यांनी डोमाजी तपासणीला आला. जयवंताबाई पाठीमागं, पण हात न धरता. तो स्वतः चालत आला, उजवा पाय किंचित ओढत. खुर्चीत बसला. मॅडमनी पेन दिलं, त्यानं धरलं. बोटं मोजायला सांगितली, मोजली. मराठीत 'जीभ' म्हटल्यावर जीभ काढली.

"नाव सांगा," सुवर्णा म्हणाली.

"डो-मा-जी." शब्द येताना मध्ये थांबत होता, पण येत होता.

"अन् ही कोन?"

त्यानं मागं वळून बघितलं, विचार केला आणि म्हणाला, "हे... मीठ इसरते."

जयवंताबाईनं कपाळाला हात लावला. मॅडमना ते भाषांतर करून सांगावं लागलं, आणि सुवर्णानं ते सावकाश, शब्दाला शब्द लावून सांगितलं. मॅडम हसल्या आणि केसपेपरावर इंग्रजीत जे लिहिलं त्याचा अर्थ असा : रुग्णाच्या वाचेत व उजव्या बाजूच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा, आंतररुग्णालयीन स्थानांतर व तदनंतरचे उपचार यशस्वी, रुग्ण सर्व दैनंदिन कामे कोणाच्याही मदतीशिवाय करण्यास सक्षम.

शर्टाची बटणं त्यानं स्वतः लावली होती. एक चुकलं होतं.